परदेशातली वापरलेली फोर-बाय-फोर भारतात आणायची तर: एचएस कोड, शुल्क आणि मुंबई बंदर

सांगलीकर_मेलबर्न
ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, जपान इथून कायमचं परतणाऱ्यांच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो आणि दरवेळी वेगळे आकडे ऐकू येतात, म्हणून स्वतंत्र धागा काढतोय. वापरलेली डिफेंडर, प्राडो किंवा तीन दारांची जिमनी भारतात आणायची झाली तर:

ती प्रवासी गाडी धरतात की मालवाहू, म्हणजे एचएस कोड (कस्टम्सचा मालाच्या वर्गवारीचा आकडा) कुठला? दोन्हींच्या शुल्कात म्हणे जमीन-अस्मानाचा फरक आहे.
सगळं धरून कर नेमका किती? ११० टक्क्यांपासून २५० टक्क्यांपर्यंत काहीही सांगतात.
ट्रान्सफर ऑफ रेसिडन्समध्ये (टीआर, म्हणजे कायमचं परतणाऱ्याला सामानावर मिळणारी सवलत) घरसामानाबरोबर गाडी बसते का?

जाणकारांनी कलमांसकट लिहावं. "माझ्या मेव्हण्याच्या मित्राने आणली" या जातीचे प्रतिसाद नकोत.

घोषणापत्र
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत आहे, म्हणून ते आधी. कस्टम्स कायदा १९६२, कलम २(३): बॅगेज या शब्दात मागून येणारं सामान धरलेलं आहे, पण मोटार वाहनं धरलेली नाहीत. त्यामुळे टीआरची सवलत फ्रीज, टीव्ही, सोफ्याला, गाडीला नाही. गाडीचं वेगळं बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे द्यायचा आयातीचा अर्ज) भरावं लागतं. पॅकर्स-मूव्हर्सवाले "एकाच कंटेनरमध्ये सगळं टाकू" म्हणतात. टाकता येतं, पण कागद दोन निघतात आणि गाडीचे कागद अडले की तुमची भांडीकुंडीही तिच्याबरोबर अडकून पडतात.

वैयक्तिक वापरासाठी आणताना आयईसी (आयातदार-निर्यातदार) नंबर लागत नाही, ही सूट आहे. पण कस्टम्स ब्रोकर नेमल्याशिवाय या फंदात पडू नका.

कोडकडे नंतर येऊ. तुम्ही तिन्ही प्रश्न कराचे विचारलेत. त्याआधी गाडी आत येऊ शकते का, हा प्रश्न आहे, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) आयात धोरणात ८७व्या, म्हणजे वाहनांच्या, प्रकरणाला वापरलेल्या वाहनांच्या अटी जोडलेल्या आहेत:

गाडी उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी नसावी.
स्टिअरिंग आणि कंट्रोल्स उजवीकडे. (दुचाकी-तीनचाकीला ही अट नाही.)
स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा.
जहाजात चढवण्याच्या अगदी आधी तपासणी होऊन, गाडी भारतीय मोटार वाहन कायदा आणि नियमांना धरून आहे, असा मान्य एजन्सीचा दाखला.
इथे उतरल्यावर मान्य वाहनतपासणी संस्थेत पुन्हा तपासणी: पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई किंवा मध्य प्रदेशातलं बुधनीचं केंद्र.
आयातीपासून किमान पाच वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी असल्याचं प्रमाणपत्र आणि तेवढा काळ देशात सर्व्हिस मिळेल याची हमी.
आणि आयात फक्त मुंबईच्या कस्टम्स बंदरातून.

"वापरलेली" म्हणजे काय हेही तिथेच लिहिलंय: आयातीआधी विकलेली, भाड्याने किंवा उसनी दिलेली, किंवा कुठल्याही देशात नोंदणी झालेली गाडी. ओडोमीटरवर ४० किलोमीटर असले आणि मेलबर्नला नंबर पडलेला असला, तर ती वापरलेलीच. "डेमो कार", "प्री-रजिस्टर्ड", "डिलिव्हरी मायलेज" हे शब्द शोरूममध्ये चालतात, कस्टम्समध्ये नाही.

तिरकस
म्हणजे दुबईची लँड क्रूझर पहिल्याच चेंडूवर बाद. स्टिअरिंग डावीकडे.

घोषणापत्र
हो. आणि "उतरवून घेतल्यावर इथे उजवीकडे करून घेऊ" हेही चालत नाही. येते त्या अवस्थेत गाडी तपासतात.

गिअर_लो
वरच्या यादीत वयाची अट सर्वात फसवी आहे. तीन वर्षं मोजायची ती उत्पादनापासून, पहिल्या नोंदणीपासून नाही. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी बोटीने दुसऱ्या देशात जाते, यार्डात पडून राहते आणि पुढच्या जूनमध्ये विकली जाते. कागदावर वय अडीच वर्षं, प्रत्यक्षात तीन पूर्ण.

देशागणिक पुरावा वेगळा. ऑस्ट्रेलियात इंजिनच्या कप्प्यात किंवा दाराच्या खांबावर बिल्ड प्लेट असते, तिच्यावर महिना-वर्ष मिळतं. इंग्लंडच्या व्ही५सीवर (तिथलं आरसी) पहिल्या नोंदणीची तारीख असते, ती उत्पादनाची समजू नका. जपानचा घोळ सर्वात मोठा: देशांतर्गत विकल्या जाणाऱ्या गाडीला १७ अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) नसतो, जेबी६४डब्ल्यू आणि पुढे आकडे असा फ्रेम नंबर असतो, आणि त्यात वर्ष दडलेलं नसतं. निर्यातीच्या प्रमाणपत्रावर दिसतो तो पहिल्या नोंदणीचा महिना. त्यामुळे उत्पादनाच्या महिन्याचं पत्र कंपनीकडून आधी मिळवा, पैसे नंतर भरा.

एक घरगुती पडताळणी: सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की मुळाशी शिवलेली पट्टी दिसते, तिच्यावर बेल्ट बनल्याची तारीख असते. गाडी त्यानंतर बनलेली असणार. कागद म्हणून ही पट्टी कुणी मानणार नाही, पण विक्रेता थापा मारतोय का ते दोन मिनिटांत कळतं.

आकडेमोड_काकू
आता कर. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर "वापरलेल्या गाड्यांवरचं शुल्क १२५ वरून ७० टक्के" अशा बातम्या आल्या आणि लोकांनी पेढे वाटले. बातमी खरी, आनंद खोटा. आधी मूळ सीमाशुल्क १२५ आणि त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे १२.५, मिळून १३७.५. आता मूळ शुल्क ७०, अधिभार माफ, पण कृषी पायाभूत सुविधा उपकर ६७.५. बेरीज करा: १३७.५. एक पैसा कमी झालेला नाही, फक्त खिसा बदलला.

११० टक्के हा जो आकडा ऐकू येतो तो नव्या, ४० हजार डॉलरांवरच्या गाडीचा आहे (७० अधिक ४०). वापरलेल्या गाडीला तो लावून हिशोब करू नका.

खरा फरक पडला तो २२ सप्टेंबर २०२५ ला. आधी मोठ्या एसयूव्हीला २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस, मिळून ५०. आता सेस नाही, सरसकट ४०.

सीआयएफ किंमत (गाडी, जहाजाचं भाडं आणि विमा मिळून) ३० लाख धरून:
मूळ शुल्क ७० टक्के: २१,००,०००
कृषी उपकर ६७.५ टक्के: २०,२५,०००
इथवर ७१,२५,०००
आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) ४० टक्के, तोही या ७१.२५ लाखांवर: २८,५०,०००
बंदरातून सुटताना: ९९,७५,०००

म्हणजे सीआयएफच्या २३२.५ टक्के कर. त्यावर महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी वाहनकर २० टक्के: १९,९५,०००. एकूण १,१९,७०,०००. हप्ता, विमा, डिझेल अजून बाकी आहेत.

सांगलीकर_मेलबर्न
काकू, आकडा वाचून चहा थंड झाला. पण ३० लाख ही किंमत ठरवणार कोण? मी ज्या भावाला घेतली तो भाव धरतात ना?

आकडेमोड_काकू
कस्टम्स कायद्याचं कलम १४ म्हणतं व्यवहार मूल्य, म्हणजे प्रत्यक्ष दिलेली किंमत. पण २००७ च्या मूल्यांकन नियमांतल्या १२व्या नियमाने अधिकाऱ्याला त्या किमतीवर शंका घ्यायचा हक्क दिलाय, आणि वापरलेल्या गाडीत ती शंका घेतली जातेच. मग गणित उलट्या बाजूने सुरू होतं: ती गाडी नवी असतानाची किंमत, त्यातून घसारा वजा. घसाऱ्याचं चालत आलेलं कोष्टक तिमाहीचं आहे: पहिल्या वर्षी दर तिमाही ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी २.५, पुढे २, आणि कमाल ७०.

सव्वादोन वर्षांच्या गाडीला १६ + १२ + २.५ = ३०.५ टक्के वजावट. मूळ किंमत ५० लाख असेल तर ३४.७५ लाख, त्यावर भाडं आणि विमा. तुम्ही ती मित्राकडून २० लाखांत घेतली असली तरी २० लाख धरतील अशी आशा ठेवू नका.

भाड्याची पावती जपून ठेवा. भाडं सिद्ध करता आलं नाही तर एफओबीच्या (जहाजात चढवेपर्यंतच्या किमतीच्या) २० टक्के आणि विमा माहीत नसेल तर १.१२५ टक्के धरायची तरतूद आहे. मेलबर्न-मुंबई भाडं ३० लाखांच्या गाडीला ६ लाख कधीच नसतं, पण पावती नाही म्हणून तेवढं धरलं जातं आणि त्या सहा लाखांवर पुन्हा २३२.५ टक्के.

कोकणकडा
मग ८७०४ चा, म्हणजे मालवाहू गाड्यांच्या कोडचा, रस्ता बघा की. मागच्या सीट काढल्या, मधे जाळी लावली, मालवाहू म्हणून आणली. जीएसटीच १८ टक्के आहे तिथे, आणि सीमाशुल्कही बरंच कमी.

घोषणापत्र
हा सल्ला दर वर्षी कुणीतरी देतं आणि दर वर्षी तो चुकीचाच असतो. प्रवासी की मालवाहू हे आज गाडीत सीट आहेत का यावर ठरत नाही, गाडी मुळात कशासाठी बनवली यावर ठरतं. एचएसएनच्या (एचएस कोडच्या यादीच्या) स्पष्टीकरण टिपांत दोन्ही बाजूंची लक्षणं दिली आहेत.

८७०३ कडे, म्हणजे प्रवासी गाडीकडे, झुकवणारी: चालकाच्या मागच्या भागात सेफ्टी उपकरणांसह कायमच्या सीट, किंवा त्या बसवण्यासाठीचे कायमचे अँकर पॉइंट, दोन्ही बाजूंना मागच्या खिडक्या, खिडक्या असलेली मागची किंवा बाजूची दारं, चालक आणि मागचा भाग यांच्यात कायमची भिंत नसणे, मागपर्यंत गालिचा, व्हेंट, दिवे अशा सोयी.

८७०४ कडे झुकवणारी: स्वतंत्र केबिन आणि मागे उघडा हौदा, खाली पडणारं फळकं, मागच्या बाजूंना खिडक्या नाहीत, कायमची भिंत, मागे सोयी नाहीत.

"किंवा अँकर पॉइंट" हे तीन शब्द पुन्हा वाचा. सीट काढल्या तरी भोकं राहतात, खिडक्या राहतात, छताचे दिवे राहतात. स्टेशन वॅगन डिफेंडर ८७०३ मध्येच जाते. कारखान्यातूनच दोन सीट, मागे काचेऐवजी पत्रा आणि मधे भिंत घेऊन बाहेर पडलेली हार्ड टॉप डिफेंडर असेल तर ८७०४ वर बोलता येईल, कारण निर्मात्याचे कागद तसं म्हणतात. डबल कॅब पिकअपला उघडा हौदा असतो म्हणून तीही त्याच रांगेत येते, पण केबिनमधल्या सोयी बघून अधिकारी वाद घालतो. तेव्हा आगाऊ निर्णय मागा. कस्टम्स ॲडव्हान्स रूलिंगची सोय त्यासाठीच आहे, आणि मुंबईत प्राधिकरण आहे.

चुकीचा कोड मुद्दाम लावला असं दिसलं तर कलम १११(एम) खाली जप्ती, वर दंड. सोडवणुकीचा दंड कलम १२५ खाली, त्याची कमाल मर्यादा बाजारभाव वजा शुल्क. भरायचं शुल्क शिवाय वेगळं.

गिअर_लो
आणि ८७०४ मध्ये बसलीच, तरी पुढचं आरटीओत भोगायचं आहे. मालवाहू म्हणून नोंद झाली की पिवळी पाटी, आणि फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. शिवाय वर दिलेल्या सगळ्या अटी, तीन वर्षं, उजवं स्टिअरिंग, मुंबई, तपासणी, या ८७०४ लाही आहेतच. कोड बदलून दर बदलतो, दरवाजा बदलत नाही.

कोकणकडा
मान्य. मग सुटे भाग करून? चासिस एका कंटेनरमध्ये, बॉडी दुसऱ्यात?

घोषणापत्र
वर्गीकरणाचे सर्वसाधारण नियम, नियम २(अ): वस्तू अपूर्ण किंवा सुटी करून आणली तरी तिच्यात पूर्ण वस्तूचं मूळ स्वरूप असेल तर ती पूर्ण वस्तूच. "हाफ कट" (मधून कापलेली अर्धी गाडी) आणणाऱ्यांची गाडी इथेच रुतते. दोन बिल ऑफ एंट्री, दोन नावं, दोन बंदरं असं केलं तर ते कारस्थान ठरतं, वर्गीकरणाचा वाद राहत नाही. आणि जोडून उभी केली तरी नोंदणीला काय देणार? केंद्रीय मोटार वाहन नियम ४७ प्रमाणे आयात गाडीला कस्टम्स क्लिअरन्सचा दाखला लागतो. सुट्या भागांच्या पावत्यांवर गाडीचा नंबर मिळत नाही.

पिंपरी_टर्बो
छोट्या जिमनीबद्दल कुणी बोललंच नाही. जपानची जेबी६४: ६५८ सीसी, लांबी ३३९५ मिमी. पेट्रोल १२०० सीसीपर्यंत आणि ४००० मिमीपर्यंत म्हणजे १८ टक्के जीएसटीच्या खणात. उजवं स्टिअरिंग, किलोमीटरचा मीटर, डावीकडची वाहतूक, तिन्ही अटी जन्मतःच पूर्ण. ऑस्ट्रेलियातली जेबी७४ मात्र १४६२ सीसी, त्यामुळे लांबी कमी असूनही ४० टक्के.

आकडेमोड_काकू
बरोबर. सीआयएफ १० लाख धरला तर १३७.५ टक्क्यांनंतर २३,७५,०००, त्यावर १८ टक्के ४,२७,५००, एकूण २८,०२,५००. महाराष्ट्राचा २० टक्के वाहनकर ५,६०,५००. अंगावर ३३,६३,०००.

साडेतेहतीस लाखांत ६५८ सीसी. पाच दारांची जिमनी गुरुग्रामला बनते आणि २०२५ पासून "नोमेड" नावाने जपानला जाते, तिथे तिला इतकी मागणी आली की काही दिवसांत बुकिंग थांबवावं लागलं. आपण तिथली उचलून इकडे आणायला निघालोय.

गिअर_लो
जेबी६४ चं खरं दुखणं कर नाही, तपासणी आहे. "मोटार वाहन नियमांना धरून" म्हणजे आयातीच्या दिवशी लागू असलेले नियम: बीएस-६ उत्सर्जन, आरसे, काचा, हॉर्न, लाइट, ब्रेक, सगळंच. हे मॉडेल भारतात विकलेलं नाही, त्यामुळे निर्मात्याची इथली टाइप-अप्रूव्हल (त्या मॉडेलला एकदाच मिळणारी मान्यता) नाही. तुमच्या एका गाडीसाठी सगळे अहवाल नव्याने उभे करायचे. जपानचं देशांतर्गत उत्सर्जन प्रमाणपत्र बीएस-६ चं प्रमाणपत्र नसतं. २०१८ ची अडीच हजार गाड्यांची होमोलोगेशन (इथल्या चाचण्या-मान्यतेतून) सूट पुढे करू नका, ती निर्माते आणि त्यांच्या अधिकृत आयातदारांना आहे, नव्या गाड्यांसाठी.

म्हणून निवड करताना उलटा विचार करा: भारतात तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स अधिकृतपणे विकला जातो का? विकला जात असेल तर कागद जुळायची शक्यता वाढते, आणि पाच वर्षांच्या सर्व्हिसची हमीही देता येते. विकला जात नसेल तर ती हमी कोण लिहून देणार?

इंग्लंडच्या गाडीचा मीटर मैलात असतो. डिजिटल क्लस्टर असेल तर सेटिंगमधून किलोमीटर करता येतो, पण ते तपासणीच्या आधी करून ठेवा. काट्याचा मीटर असेल तर मोठे आकडे किलोमीटरचे हवेत.

घाटवाट
मॉडिफिकेशनवर कुणीतरी लिहा. परदेशातली वापरलेली ऑफरोडर म्हणजे सहसा लिफ्ट किट, स्टीलचा बुलबार, विंच, स्नॉर्कल, छतावर तंबू.

गिअर_लो
सगळं उतरवा. बुलबार भारतात डिसेंबर २०१७ पासून बंद आहेत. उंची वाढवणं, निर्मात्याने दिलेल्यापेक्षा मोठे टायर, छतावरची एलईडी पट्टी, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या (गाडीतले बदल) कक्षेत जातं आणि तपासणीच्या अहवालात तफावत म्हणून उमटतं. बसवलेली विंच गाडीचाच भाग धरली जाते, म्हणजे तिच्यावरही २३२.५ टक्के. सुटी आणली तर तिचा कोड आणि दर वेगळा, पण ती घोषित करा. टूलबॉक्सखाली दडवू नका.

कुणी अजूनही १७० मिमी ग्राउंड क्लिअरन्सचा हिशोब करत असेल तर तो जुन्या सेसचा होता. ४० टक्के सरसकट झाल्यापासून गाडी १६५ वर असो की २१० वर, जीएसटीला फरक पडत नाही.

कंटेनरचं माप घेऊन ठेवा. २० फुटी कंटेनरची आतली लांबी साधारण ५.९ मीटर, दाराची उंची २.२८ मीटर. डिफेंडर ११० मागच्या चाकासह पाच मीटरच्या थोडी वर, उंची १.९७. आत बसते. छतावर तंबू राहिला की बसत नाही, आणि हे लोडिंगच्या दिवशी कळतं. आत गेल्यावर गाडीची दारं पूर्ण उघडत नाहीत, त्यामुळे चालवणाऱ्याला खिडकीतून किंवा मागच्या दारातून बाहेर यावं लागतं. टाकीत पाव भागाहून कमी इंधन, बॅटरीचं टर्मिनल सोडून टेप मारलेलं.

चिखल. मडगार्डच्या आत, चासिसच्या पोकळीत, स्पेअर व्हीलच्या मागे, विंचच्या दोरात माती राहते. माती हा प्लांट क्वारंटाइनचा विषय आहे. प्रेशर वॉशरने वरवर धुवून भागत नाही, खालून वाफेने धुवून त्याची पावती आणि फोटो ठेवा.

पणजीचो_पाव
गोव्यात राहणाऱ्याने काय करायचं? मुरगाव बंदर घराशेजारी आहे.

घोषणापत्र
मुरगावला नाही, मुंबईलाच. आणि इथे एक बारकावा आहे ज्यात फॉरवर्डरही (जहाजाचं बुकिंग करून देणारे) चुकतात. नव्या गाड्यांच्या अटींत बंदरांची लांब यादी आहे, तिच्यात न्हावा शेवा आणि मुंबई अशी दोन वेगळी नावं आहेत. वापरलेल्या गाड्यांच्या अटीत फक्त मुंबई. म्हणजे धोरण लिहिणाऱ्याला दोन्हीतला फरक ठाऊक आहे. कंटेनर जहाजं मात्र सर्रास न्हावा शेव्याला लागतात, आणि फॉरवर्डर "मुंबई म्हणजे तेच ना" म्हणून तिथलं बुकिंग करतो. बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालपावतीवर) उतरण्याचं बंदर काय छापलंय ते जहाज सुटण्याआधी वाचा, आणि ब्रोकरकडून लेखी घ्या. चुकीच्या बंदरावर उतरलेली गाडी म्हणजे कलम १११(डी) खाली जप्ती, आणि वाद मिटेपर्यंत कंटेनरचं भाडं आणि जागेचं भाडं रोज वाढत राहतं.

मुंबईहून पुण्याला किंवा अहिल्यानगरला गाडी चालवत नेता येत नाही, नंबर नसतो. फ्लॅटबेड ठरवा, आणि खर्चात तो आधीच धरा. नंतर गोव्यात नोंदणी करणार असाल तर वाहनकर गोव्याच्या दराने लागेल, महाराष्ट्राचे २० टक्के तुम्हाला नाहीत.

लंडनची_सुनबाई
भारत-यूके करार जुलै २०२५ मध्ये झाला त्यात गाड्यांचं शुल्क १० टक्क्यांपर्यंत येणार असं होतं. इंग्लंडमधली वापरलेली लँड क्रूझर त्यात बसेल का?

घोषणापत्र
ताई, सवलतीची पहिली अट मूळ देशाची असते, नोंदणीची नाही. जपानमध्ये बनलेली लँड क्रूझर बर्मिंगहॅममध्ये दहा वर्षं फिरली तरी यूकेची होत नाही. डिफेंडर नाव ऐकून फसू नका, सध्याची डिफेंडर स्लोव्हाकियात नित्रा इथे बनते. शिवाय गाड्यांची सवलत कोट्याने बांधलेली आहे. वैयक्तिक वापरलेल्या गाडीचा हिशोब १३७.५ धरूनच करा.

घाटवाट
जुनी विलीस किंवा सीरीज वन लँड रोव्हर आणायची तर? तीन वर्षांची अट तिथे कशी लागणार?

घोषणापत्र
तिथे वेगळी वाट आहे. व्हिंटेज गाडी तीन वर्षांच्या अटीबाहेर आहे. आधी ही सूट १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्यांनाच होती, २०२५ मध्ये ती पन्नास वर्षांवर आणली, त्यामुळे सीरीज टू-थ्रीही आवाक्यात आल्या. नोंदणी जुलै २०२१ च्या व्हिंटेज नियमांनुसार: पहिल्यांदा २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरण ५,०००, पाटीवर "व्हीए" ही अक्षरं. मात्र ती रोज दूध आणायला नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

तात्पुरतं फिरवायचं असेल तर कार्नेट (गाडी परत नेण्याच्या हमीचा कागद) हा मार्ग आहे. गाडी परदेशी नंबरवरच येते, शुल्क भरावं लागत नाही, सहा महिन्यांत परत बाहेर न्यावी लागते. परत गेली नाही तर हमीची रक्कम जाते. कायमचं परतणाऱ्याच्या उपयोगाचं नाही, लंडन ते मुंबई चालवत येणाऱ्याच्या उपयोगाचं आहे.

पिंपरी_टर्बो
फार्महाऊससाठी वापरलेली क्वाड, एटीव्ही (चार चाकांची उघडी ऑफरोड गाडी)?

गिअर_लो
तीही ८७०३. बंद आवारात चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून सुटते, म्हणून रिसॉर्टवाले बिननंबराच्या फिरवतात. पण आयात धोरण त्यामुळे सुटत नाही, आणि उजव्या स्टिअरिंगची सूट फक्त दोन-तीन चाकांना आहे, चार चाकांना नाही. वापरलेली आणायच्या भानगडीत पडू नका.

तिरकस
थोडक्यात, भूतानमार्गे आलेली स्वस्त प्राडो घ्यावी.

आकडेमोड_काकू
विनोद समजला, पण कुणी खरं मानेल. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या कस्टम्सने "ऑपरेशन नुमखोर" केलं, नुमखोर म्हणजे भूतानी भाषेत वाहन. बनावट कागदांवर इतर राज्यांत नोंदवलेल्या लँड क्रूझर, डिफेंडर, पट्रोल जप्त झाल्या. त्या शेवटी ज्याच्या दारात उभ्या होत्या त्याच्या दारातून उचलल्या. भारतात फिरणारी आयात गाडी दुसऱ्याकडून घेताना मूळ बिल ऑफ एंट्रीची प्रत मागा, तिच्यावरचा चासिस नंबर आरसीशी आणि प्रत्यक्ष चासिसवर कोरलेल्या नंबराशी जुळवा, आणि शुल्क भरल्याचं चलन तपासा. दूतावासाच्या गाडीला शुल्कमाफी असते. बाहेरच्याला विकताना ते शुल्क भरलंय का, हा कागद नसेल तर ते देणं गाडीला चिकटून राहतं.

सांगलीकर_मेलबर्न
सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: प्लेटवर ०३/२०२३ असेल तर तीन वर्षं नेमकी कुठल्या दिवशी संपतात? आणि मोजायचं ते जहाज सुटण्यापर्यंत की मुंबईत पोचण्यापर्यंत?

घोषणापत्र
प्लेटवर दिवस नसतो, म्हणून महिन्याची पहिली तारीख धरा: १ मार्च २०२३, म्हणजे २८ फेब्रुवारी २०२६. परकीय व्यापाराच्या कार्यपद्धतीत आयातीची तारीख बिल ऑफ लेडिंगवरून धरतात, तो आधार तुमच्या बाजूने आहे. पण वाद घालायची वेळच येऊ देऊ नका. मुंबईत बिल ऑफ एंट्री भरण्याचा दिवसही तीन वर्षांच्या आत बसेल असं मागे मोजत या. समुद्रप्रवास, वाटेत सिंगापूर किंवा कोलंबोला जहाज बदलताना जाणारे दिवस, त्याआधी निर्यातपूर्व तपासणी आणि धुलाई, हे सगळं धरून किमान चार महिने हातात हवेत. प्लेटचा फोटो आधी ब्रोकरला पाठवा. तेवढे महिने उरत नसतील तर गाडी तिथेच विकून टाका.